एकाच धारेचा मामला

पाच पात्यांच्या जमान्यात एकच धार, आणि तीही चाळीस ग्रॅमच्या आतल्या हलक्याफुलक्या रेझरमध्ये? आठवडाभर वापरून पाहिल्यानंतरचं हे ‘फर्स्ट इम्प्रेशन’...

आधी एकच पातं होतं. १९७१ मध्ये जिलेटचा ‘ट्रॅक टू’ आला आणि एकाची दोन झाली. १९९८ मध्ये ‘मॅक थ्री’ आला, दोनाची तीन झाली. २००३ मध्ये शिक कंपनीने ‘क्वात्रो’ आणून चार केली, तर २००६ मध्ये जिलेटने ‘फ्युजन’मध्ये थेट पाच बसवली. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले मेगापिक्सेल आणि रेझरमधली पाती, या दोन गोष्टी वाढतच जाणार असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आणि आता गंमत बघा! पाचापर्यंत पोचलेली मंडळी उलट्या पावली पुन्हा एकावर येऊ लागली आहेत. त्यातही ‘लेटेस्ट’ काय, तर हलका, सडपातळ, एकाच बाजूने कापणारा सेफ्टी रेझर. ना बॅटरी, ना जेलची पट्टी, ना इकडेतिकडे वळणारी मान. एक दांडा, एक छोटं डोकं आणि एक पातं. बस्स!

हे फॅड आहे की यात खरंच काही दम आहे? म्हटलं, बघूया तरी. अ‍ॅल्युमिनियमचा एक सिंगल एज रेझर आणला आणि सोमवार ते रविवार रोज त्यानेच दाढी केली. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये, या प्रकाराचा आहे.

सलूनमधलं अर्धं ब्लेड

सिंगल एज म्हटलं की काहीतरी इम्पोर्टेड, अगम्य प्रकरण वाटतं. पण तुम्ही सलूनमध्ये जाऊन दाढी करून घेतली असेल, तर तुमची सिंगल एजशी ओळख आधीच झालेली आहे. आठवून बघा. खुर्चीत बसलात की सलूनवाला कागदात गुंडाळलेलं नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध वाकवतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि ब्लेडचे दोन तुकडे होतात. एक वस्तऱ्यात जातो, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी. तेच अर्धं ब्लेड! एचआयव्ही-एड्सबद्दलची जागृती वाढली तशी दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही पद्धत आपल्याकडे रुळली आणि जुना, पट्ट्यावर घासून धार लावायचा वस्तरा मागे पडला.

मी आणलेला रेझर याच अर्ध्या ब्लेडवर चालतो. फरक एवढाच, की वस्तऱ्यात धार उघडी असते आणि सगळा भरवसा समोरच्याच्या हातावर. इथे पात्याच्या पुढे एक संरक्षक कड आहे, आणि पात्याचा अगदी केसभर भागच बाहेर डोकावतो. म्हणूनच तो ‘सेफ्टी’ रेझर. थोडक्यात सांगायचं तर सलूनमधली धार, घरच्यासाठी वेसण घातलेली.

तशी ही कल्पना काही आजची नाही. घरोघरी पोचलेलं दुधारी ब्लेड ही किंग कॅम्प जिलेटची देणगी. त्याला पेटंट मिळालं १९०४ मध्ये. विक्री आदल्याच वर्षी सुरू झाली होती आणि त्या पहिल्या वर्षात खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड्स! पण त्याच्याही आधी, १८८० मध्ये, न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाच्या सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं होतं. त्यात पातं एकच आणि धारही एकच. म्हणजे सेफ्टी रेझरची गोष्ट सुरूच झाली ती एका धारेपासून. आपण फेरफटका मारून पुन्हा तिथेच आलोय!

हातात घेतल्यावर

पहिली प्रतिक्रिया सांगू? “एवढंच?”

खोक्यातून काढल्यावर तो हातात आहे की नाही, हेच कळेना. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर चाळीस ग्रॅमच्या आत. कोंबडीचं अंडंसुद्धा याच्यापेक्षा जड भरतं. आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटातला पितळी रेझर आठवा, तो सहज ऐंशी-शंभर ग्रॅमचा असायचा. कारण साधं आहे. अ‍ॅल्युमिनियमची घनता पितळ किंवा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. तोच आकार, तेवढाच दांडा, पण वजन कुठल्या कुठे.

आपल्या मनात मात्र वजनाचं आणि दर्जाचं एक गणित पक्कं बसलेलं असतं. जड घड्याळ भारी, जड पेन भारी, गाडीचं दार ‘धप्प’ लागलं की गाडी भारी. त्यामुळे हा रेझर पहिल्यांदा हातात घेतला की खेळण्यातला वाटतो. हे इम्प्रेशन पुसायला तीन दिवस लागले.

पहिले तीन दिवस : हात शिकतो

जुन्या जड सेफ्टी रेझरबद्दल एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो : जोर लावू नका, वजनालाच काम करू द्या. इथे वजनच नाही! मग काम कोण करणार? हात आपोआप दाबायला जातो. पाच पात्यांच्या कार्ट्रिजने आपल्याला हीच सवय लावलेली असते. तिथे डोकं वळतं, स्प्रिंग दबते, दाब अनेक पात्यांत वाटला जातो, त्यामुळे अर्धवट झोपेत खसाखसा रेझर फिरवला तरी फारसं बिघडत नाही.

इथे तसं चालत नाही. डोकं ताठ असतं, कोन तुम्हीच धरायचा. दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर आला की खरी मजा सुरू होते. आणि ते कळतं कानाला! कोन बरोबर असला की खुंट कापले जाण्याचा स्पष्ट ‘खर्र खर्र’ आवाज येतो. कोन चुकला की आवाज बंद आणि रेझर नुसता फेसावरून घसरतो. पोकळ, हलक्या डोक्यामुळे हा आवाज जरा जास्तच खणखणीत वाटतो. सोमवारी तो ऐकून दचकायला झालं. बुधवारपर्यंत त्याच आवाजावर दाढी चालू झाली. रिव्हर्स घेताना गाडीचा सेन्सर वाजतो ना, तसंच काहीसं.

आणि इथेच हलकेपणाची गोम कळते. जड रेझर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो. हनुवटीच्या वळणावर, कंठाच्या हाडावर त्याला आवरावं लागतं. हलका रेझर कुठेच ओढत नाही. तुम्ही जेवढा दाब द्याल तेवढाच. बोटांच्या टोकांत धरून, पेन्सिल फिरवावी तसा फिरवायचा. गुरुवारी जाणवलं, की दाबायची इच्छाच संपली आहे.

डोकं लहान, फायदे मोठे

कार्ट्रिजचं डोकं रुंद आणि जाडजूड. नाकाखाली घुसवताना होणारी कसरत आपण सगळ्यांनी केलेली आहे. या रेझरला पातं एकाच बाजूला, त्यामुळे डोकं अगदी पातळ. नाकाखालचा तो अवघड कोपरा पहिल्यांदाच एका फटक्यात साफ झाला. दाढी ठेवणाऱ्यांनी तर हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा. हल्ली निम्म्या ऑफिसात दाढीच दिसते, पण दाढी ठेवली म्हणून रेझर सुटत नाही. गालावरची रेघ, गळ्याची कड, कल्ल्यांची टोकं कोरायला पातं नेमकं कुठे टेकतंय ते दिसावं लागतं. इथे ते दिसतं.

खरा फरक मात्र गळ्यावर पडला. अनेक पात्यांच्या रेझरची युक्ती अशी, की पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. हात फिरवला की गाल अगदी तुळतुळीत. पण कधीकधी केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं, आणि केस जाड किंवा कुरळे असतील तर वाढताना ते बाहेर येण्याऐवजी आतच वळतात. मग कॉलर घासते त्या जागी लाल पुटकुळ्या, खाज, आणि मीटिंगमध्ये सारखा गळ्याकडे जाणारा हात. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांना त्वचारोगतज्ज्ञ कमी पात्यांचा रेझर वापरायला सांगतात, तो याच कारणासाठी.

एका पात्याने केस त्वचेलगत कापला जातो, खाली नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर संध्याकाळी सहा वाजता गाल पाच पात्यांइतका गुळगुळीत राहत नाही. हाताला थोडं खरखरीत लागतंच. पण शनिवारपर्यंत गळ्यावरची लाली बरीच कमी झाली होती. एका आठवड्यावरून, तेही एकाच गळ्यावरून, फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मान्य. तरी कॉलरचं बटण लावताना फरक कळला एवढं नक्की.

केस मऊ, पण पोलादाला भारी

आता थोडं सायन्स. दाढीचा केस पोलादाच्या तुलनेत साधारण पन्नास पट मऊ. मग ब्लेड बोथट होतंच कसं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याचा छडा लावला आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्यांच्यातल्या एकाने तर स्वतःची दाढी करून दर वेळी ते ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नेलं! दिसलं असं, की धार नुसती हळूहळू झिजत नाही. केस विशिष्ट कोनात वाकून धारेच्या एखाद्या कमकुवत जागी आदळला, की तिथला बारीक टवका उडतो. एक, दोन, दहा टवके उडाले की धार करवतीसारखी होते, आणि ब्लेड केस कापायच्या ऐवजी ओढायला लागतं.

याचा तुमच्या-आमच्या सकाळशी संबंध काय? सरळ आहे. पातं कितीही भारी असो, टवके उडायचेच. मग आपण करतो काय? पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजला दीडशे-दोनशे रुपये सहज मोजलेले असतात. ते टाकून द्यायला जीव होत नाही. ‘अजून एक आठवडा चालेल’ म्हणत महिनाभर ओढतो, आणि दोष देतो त्वचेला. दोन-चार रुपयांचं ब्लेड टाकताना असं काहीच होत नाही. दोन-तीन दाढ्या झाल्या, की नवा अर्धा तुकडा. रोज ताजी धार, तीही कुठलीही घासाघीस न करता.

माझ्या मते या रेझरचा सगळ्यात मोठा फायदा हाच. महाग पातं माणूस ताणतो, स्वस्त पातं वेळेवर बदलतो.

हिशेब काय सांगतो?

आठवड्याला पाच दाढ्या धरल्या तर वर्षाला झाल्या २६०. अर्ध्या ब्लेडवर तीन दाढ्या, म्हणजे वर्षाला साधारण ८७ अर्धे तुकडे, अर्थात ४४ ब्लेड्स. एक ब्लेड चार रुपयांना धरलं, तर वर्षाचा खर्च १७६ रुपये. एका मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नहून कमी!

तेच कार्ट्रिज पंधरा दाढ्यांना एक धरलं, तर वर्षाला लागतात सतरा-अठरा. प्रत्येकी १८० रुपयांनी झाले तीन हजारांच्या वर. मेख आहे ती रेझरच्या किमतीत. असे चांगले रेझर बहुतेक बाहेरून येतात आणि काही हजारांना पडतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला एखाद-दोन वर्षं लागणार. पण धातूच्या या तुकड्यात बिघडण्यासारखं काही नाही, हेही धरायला हवं.

आणि कचरा? कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक, रबर आणि पोलाद असं चिकटलेलं असतं, की ते वेगळं करणं जवळपास अशक्य. ब्लेड म्हणजे नुसता पोलादाचा पत्रा.

पंधरा रुपयांचा धडा

एक पातं म्हणजे हौशी लोकांचं महागडं खूळ, असं वाटत असेल तर ही गोष्ट ऐका. २००२ मध्ये जिलेटने भारतासाठी ‘व्हेक्टर’ नावाचा रेझर आणला. पात्यांत अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक प्लास्टिकची पट्टी होती. चाचणी कुणावर घेतली? एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो आवडला. इथे आल्यावर मात्र गाडी अडली. कारण बॉस्टनच्या बेसिनला नळाची धार होती आणि इथे कोट्यवधी लोक मगभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करत होते. केस निघेनात!

२००५ मध्ये जिलेट ‘पी अँड जी’कडे गेली. मग मंडळी भारतात आली, हजाराहून जास्त लोकांच्या सवयी जवळून पाहिल्या, आणि २०१० मध्ये ‘जिलेट गार्ड’ बाजारात आला. पोकळ हलका दांडा आणि पातं फक्त एक. ‘मॅक थ्री’ला पंचवीस सुटे भाग लागत, इथे चारच. किंमत पंधरा रुपये, कार्ट्रिज पाच रुपयांना. बघता बघता तो देशातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या रेझरमध्ये जाऊन बसला.

म्हणजे जगभर पात्यांची संख्या वाढवणाऱ्या कंपनीलाच मगभर पाण्यापुढे पुन्हा एका पात्यावर यावं लागलं. हलकं आणि एकधारी हे आपल्याकडे आधी गरज म्हणून आलं. स्टाइल म्हणून आता येतंय!

खटकलं काय?

सगळंच गोड गोड नाही. एक, पातं एकाच बाजूला असल्याने फेस लगेच भरतो. दुधारी रेझर उलटा करून पुढे जाता येतं, इथे दर दोन फटक्यांनी धुवावाच लागतो. दोन, वेळ. पाच पात्यांनी चार मिनिटांत उरकणारी दाढी इथे दहा-बारा मिनिटं घेते. सात पस्तीसची फास्ट पकडायची असेल तर गजर थोडा आधीचा लावा. तीन, ओल्या हातातून निसटायची भीती. दांड्याला खाचा नसतील तर तो रेझर घेऊच नका. चार, विमानप्रवास. सुटं ब्लेड केबिन बॅगेत चालत नाही. फक्त केबिन बॅग घेऊन बंगळुरूला एका दिवसाच्या मीटिंगला जाणाऱ्यांना त्या दिवसापुरतं कार्ट्रिजच गाठावं लागणार.

आणि घेताना एक गोष्ट नक्की विचारा : यात ब्लेड कुठलं लागतं? ‘सिंगल एज’ या एका नावाखाली अनेक जाती आहेत. काहींत आपलं नेहमीचं ब्लेड अर्धं करून बसतं, काहींत जाड पाठीचं ‘जेम’ जातीचं, काहींत ‘इंजेक्टर’ पद्धतीचं, तर काहींत जपानी फेदर कंपनीचं ‘आर्टिस्ट क्लब’. शेवटच्या तिन्ही जातींचं पातं छान जाड असतं, थरथरत नाही. पण ते मागवावं लागतं आणि महाग पडतं. अर्धं ब्लेड कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये मिळतं. आपल्यासाठी हाच मुद्दा निर्णायक.

ट्राय करायचंय? हे लक्षात ठेवा

• दाढी आंघोळीनंतर करा. गरम पाण्याने केस मऊ पडतात.

• फोमच्या डब्यापेक्षा क्रीम आणि ब्रश बरा. फेस दाट हवा, उंच नको.

• ब्लेड कागदातच ठेवून, लांबीच्या रेषेत वाकवून मोडा. उघडं ब्लेड बोटांनी मोडायला जाऊ नका.

• पहिला हात केसांच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटी दाढी पहिल्या आठवड्यात नकोच.

• झाल्यावर गार पाणी आणि ओल्या त्वचेवर तुरटीचा खडा. आफ्टरशेव्हचा बाप आहे तो!

• वापरलेली ब्लेड्स थेट कचऱ्यात टाकू नका. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा. तुमचा कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं.

तर मग, घ्यायचा का?

रोज घाईत असाल आणि सध्याच्या रेझरने काहीच त्रास नसेल, तर उगाच फॅशन म्हणून घेऊ नका. पण गळा सतत लाल होत असेल, कार्ट्रिजचं बिल खुपत असेल किंवा दाढीची रेघ स्वतःच्या हाताने कोरायची असेल, तर हा रेझर जरूर वापरून बघा. पहिले तीन दिवस मात्र त्याच्याबद्दल मत बनवू नका. सुरुवात शनिवारी करा, सोमवारी क्लायंट मीटिंगच्या आधी नको.

पाच पात्यांनी एक गोष्ट आपल्याकडून गुपचूप काढून घेतली होती. दाढी करायला हात लागतो, हेच आपण विसरलो होतो. हा हलकासा रेझर स्वतः फारसं काही करत नाही. तो तुमच्याकडून करून घेतो, आणि आठवडाभरात हात तयार होतो. दहा मिनिटं ना फोन, ना मेल. कारण गालावर धार असताना दुसरीकडे बघायची सोयच नाही!